तिनं आधी कळवलं

आठवीच्या मुलांना पत्रलेखन शिकवताना मी पहिल्याच तासाला फळ्यावर एक वाक्य लिहिते: धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट. पुढं हवं ते जोडा, म्हणते. पाणी येणार नाही, ताप आलाय, पोरगा गणितात नापास झालाय, वाक्य कुठंही चालतं. आचोळ्यात आम्ही राहतो त्या सोसायटीत जिन्याखालच्या बोर्डावर रोज हेच वाक्य असतं. टँकर किती वाजता येणार, लिफ्ट किती दिवस बंद, सगळं इन्फॉर्म केलेलं. माझ्या शिकवणीतली मुलंही तसंच बोलतात. "टीचर, मी उद्या नाही येणार, मम्मी तुम्हाला इन्फॉर्म करेल." मी त्यांना कधी टोकलं नाही. मला तो शब्द निरुपद्रवी वाटायचा. जरा कोरडा, सरकारी, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आता फळ्यावर तो लिहिताना माझा हात अडखळतो. एवढ्याशा क्रियापदावर चाळिशीला टेकलेल्या बाईनं डूख धरावा हे हास्यास्पद आहे, मला कळतं. तरी धरलाय खरा.

आमचं मूळ घर होळी गावातलं. घरामागं वाडी, वाडीत केळी, पालेभाजी आणि आईची फुलझाडं. बाबा गेल्यावर वाडी काकांनी सांभाळायला घेतली आणि मी आईला घेऊन आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये आले, कारण शाळा आणि शिकवण्या इकडे होत्या. चर्चला मात्र दर रविवारी आम्ही होळीलाच जायचो. तिथं आमच्या घरापासून तिसरं घर माझ्या आत्याचं. आत्याची मुलगी आणि मी एका वर्षाच्या. पहिला परमप्रसाद आम्ही एकाच दिवशी घेतला, एकाच शिंप्याकडच्या झग्यात. माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक असायचं. तिच्या पोटातलं मला किती ठाऊक होतं, हा प्रश्न मला त्या काळात कधी पडला नाही.

तेविसाव्या वर्षी मी रजिस्टर लग्न केलं. तो माझ्याबरोबर एका क्लासमध्ये शिकवायचा, धर्मानं हिंदू, स्वभावानं माझ्यासारखाच भित्रा. कायद्याप्रमाणं आमच्या नावांची नोटीस महिनाभर कचेरीच्या बोर्डावर लागली होती. पूर्ण महिना मी जीव मुठीत धरून होते आणि आमच्या गावातल्या एकाही माणसानं तो बोर्ड वाचला नाही. साक्षीदार तीन लागतात. दोन त्याचे मित्र होते, तिसरी माझी आतेबहीण. बाहेर आल्यावर पाचही जणांनी उसाचा रस प्यायला आणि नवरानवरी आपापल्या घरी गेली. घरी सांगायचा धीर होईपर्यंत थांबायचं असं आमचं ठरलं होतं. धीर काही झाला नाही. एक दिवसही आम्ही एका छपराखाली राहिलो नाही. दोन-अडीच वर्षांत प्रेम आपसूक विझलं, आणि दोघांच्या संमतीनं कोर्टातून फारकत घेतली. तेव्हाही माझ्याबरोबर तीच आली होती. पुढं बाबा वारले. त्यांना यातलं काही कळलं नाही.

मग दहा वर्षं काही घडलं नाही, म्हणजे लग्नाच्या बाजूनं. स्थळं यायची, मी नाही म्हणायचे. लोक म्हणायचे, शिकलेली आहे, नखरे आहेत. असू देत, म्हटलं.

आणि छत्तिसाव्या वर्षी तो आला. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, बोटांच्या पेरांत कायम काळं ग्रीस. त्याच्या मोठ्या बहिणीची मुलगी माझ्याकडे शिकवणीला होती. तिला न्यायला यायचा आणि दारात उभा राहून माझं व्याकरण ऐकायचा. एकदा म्हणाला, "टीचर, माज्या इंजिनाला पन असं समजवा ना कायतरी." मी हसले, आणि तिथंच सगळं फसलं. आमच्या वाडीवाल्यांत आणि कोळ्यांत पूर्वी सोयरीक सहसा होत नसे. आईनं जरा नाक मुरडलं. पण त्यानं पहिल्याच भेटीत आमच्या मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करून दिला आणि आई पाघळली. मला हा माणूस हवा होता. इतक्या वर्षांनी मला काहीतरी हवं होतं, आणि ते मिळेल असं वाटत होतं.

त्याला ते जुनं सांगायचं राहिलं होतं, एवढंच.

लग्न ठरलं की फादरांकडे जाऊन फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, यापूर्वी विवाह झाला आहे का. आदल्या संध्याकाळी मी तो फॉर्म घेऊन आतेबहिणीकडे गेले. ती ओसरीवर मोगऱ्याचे गजरे बांधत बसली होती. मी म्हटलं, इथं काय लिहू? ती मान वर न करता म्हणाली, "नाही लिही. आल्तारासमोर झालं नाही ते चर्चच्या हिशेबी लग्नच नाय. उगाच कशाला चिखलात पाय घालतेस?" मला तेच ऐकायचं होतं. आमच्यात ही समजूत खोलवर मुरलेली आहे. कचेरीतली सही म्हणजे कागद, आल्तारासमोरचं, चर्चमधल्या वेदीपुढचं, ते लग्न. मी 'नाही' लिहिलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला लबाड म्हटलं असतं, पण स्वतःचं लिहिताना मला ते अगदी धर्माला धरून वाटलं.

त्याला मात्र मी सांगणार होते. हेही मी तिला म्हणाले. नावं वाचायला लागतील, तिसरा रविवार यायच्या आत मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगणार, फारकतीचे कागद दाखवणार, मग फॉर्मही बदलून देऊ. ती म्हणाली, "सांग, सांग. तूच सांगितलेलं बरं."

ज्यांना आमची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी तीन रविवार मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, संपता संपता फादर वधूवरांची नावं वाचतात आणि म्हणतात, यांच्या विवाहास कुणाला काही अडथळा माहीत असल्यास त्यांनी धर्मगुरूंना कळवावे. शेकडो लग्नांच्या वेळी मी ते वाक्य ऐकलं होतं, आणि एकदाही कुणी उठून काही कळवल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पहिल्या रविवारी आमची नावं वाचली तेव्हा आई ओढणीनं डोळे पुसत होती आणि आतेबहिणीनं माझ्या मांडीला चिमटा काढला. तिकडे पाचूबंदरच्या चर्चमध्येही त्याच वेळी नावं वाचली गेली. त्याचा लगेच फोन आला. "टीचर, तुजं नाव घेताना आमचा फादर अडकला. एवडं मोठं नाव कोन ठेवतं?"

त्या आठवड्यात सांगायचं होतं. एकदा त्याच्या बहिणीच्या घरी जेवायला बोलावलं, तिथं दहा माणसं. एकदा आईला घेऊन साड्या घ्यायला गेलो. एकदा आम्ही दोघंच होतो, धक्क्यावर, आणि तो आपल्या आईबद्दल बोलत होता, तिच्या शेवटच्या आजारपणाबद्दल. मध्येच कसं घुसवायचं माझं? मी स्वतःला म्हटलं, अजून दोन रविवार आहेत. वर्गात गृहपाठ न करता येणारी पोरं अशीच कारणं देतात आणि मी त्यांना उभं करते.

दुसऱ्या रविवारी नावं वाचली. मंगळवारी फादरांचा फोन आला. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या आधीच्या विवाहाबद्दल मला कुणीतरी कळवलंय. कुणी, ते मी सांगणार नाही. तुम्ही कोर्टाचे कागद आणा, आपण फॉर्म नीट करू. लग्न थांबायचं कारण नाही. पण मुलाला ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, आज सांगते. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्या घटकेला मी घाबरले होते, लाजले होते, पण मोडले नव्हते. कुणी कळवलं याचा विचारही मी फार केला नाही. कचेरीतल्या कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडलं असेल, असं धरून चालले.

त्याला फोन लावत लावत मी बाहेर आले. त्यानं उचलला नाही. रिक्षात बसून तीनदा लावला. घरी पोचले तर त्याची बहीण आमच्या दारात उभी. मुलीचं वह्यापुस्तकांचं दप्तर घ्यायला आली होती. म्हणजे शिकवणी बंद. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला.

मेसेज इंग्रजीत होता. माझी आतेबहीण इंग्रजीत लिहिते तेव्हा मला विचारून लिहिते, म्हणून त्यातल्या दोन चुका तिच्याच आहेत हे मी नंबर बघायच्या आधी ओळखलं. तेविसाव्या वर्षी हिनं कोर्टात लग्न केलं. आईवडिलांपासून लपवलं. वडील काही न कळता गेले. आता चर्चच्या फॉर्मवर हिनं 'नाही' असं लिहिलंय. तुम्ही चांगली माणसं आहात. आणि शेवटी, जस्ट इन्फॉर्मिंग यू.

मी दोनदा वाचलं. खोटं कुठं सापडतंय का ते बघत होते. एक अक्षर खोटं नव्हतं. फारकत झाल्याचं नव्हतं, एक दिवसही संसार केला नाही हे नव्हतं, साक्षीदार म्हणून खाली कुणाची सही आहे हे नव्हतं, आणि 'नाही लिही' असं कोण म्हणालं हेही नव्हतं. आमच्या बहीणबाईंनी जे लिहिलं ते सगळं खरं लिहिलं. त्याच्या बहिणीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. "आमाला तुजं आदीचं लगीन टोचत नाय," ती म्हणाली, "पन हे आमाला दुसऱ्याकडनं कळावं?" ती जिना उतरून गेली. आई आत सगळं ऐकत होती. सकाळी चहा देताना आमच्या घरच्या बोलीत एकच विचारलं, ते मी साध्या मराठीत लिहिते. बाबांना सुद्धा नाही सांगितलंस?

माझ्यासारख्या बाईला दुःख झालं की ती काय करते? शब्दकोश उघडते. हसा हवं तर. शाळेच्या लायब्ररीत शब्दांची मुळं सांगणारा एक जाड कोश आहे, बुधवारी मधल्या सुट्टीत मी तो काढला. इन्फॉर्म हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या पोटात 'फॉर्म' आहे, म्हणजे आकार. मूळ अर्थ घडवणं, आकार देणं. आधी तो शिकवण्यासाठी वापरत, गुरू शिष्याच्या मनाला आकार देतो तसं. बातमी देणं हा अर्थ मागून चिकटला. आणि त्याच्याही नंतर, कुणाविरुद्ध जाऊन वरिष्ठांना खबर देणं हा तिसरा अर्थ आला. अकरा वर्षं मी हे क्रियापद शिकवत होते आणि पोरांना सांगत होते, इन्फॉर्म म्हणजे माहिती देणे, पुढचा शब्द घ्या.

लायब्ररीत बसल्या बसल्या मला रडू आलं, कारण मला कळलं माझं नेमकं काय गेलं. माझी गोष्ट कुणाला कळली याचं मला एवढं काही नव्हतं. ती कळणारच होती, मीच सांगणार होते. पण त्याच्या मनात ती गोष्ट पहिल्यांदा जाताना जो आकार घेऊन जाईल तो देण्याचा हक्क माझा होता. दोन भित्री पोरं, उसाचा रस, विझून गेलेलं प्रेम, असा आकार मी दिला असता. तिनं आधी दिला, आणि तिचा आकार होता लबाड बाईचा. ओल्या सिमेंटवर पाय पडावा तसं झालं. त्यावर मी आता कितीही थापी फिरवली असती तरी उपयोग नव्हता.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी होळीला गेले. ती ओसरीवर होती, गजरेच बांधत. मी चढ्या आवाजात विचारलं, का केलंस? ती म्हणाली, "खोटं काय लिहिलं ते दाखव." मग म्हणाली, "प्रत्येक रविवारी फादर सांगतात कळवा म्हणून. माझं मन खात होतं." मी म्हटलं, मन खात होतं तर फादरांना सांगून थांबायचं होतंस, त्यांना सांगितलंस ते मी समजू शकते, पण त्याच्या बहिणीला कशाला? सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "त्यांना कळायला नको?" मी विचारलं, आणि साक्षीदाराचं नाव का नाही कळवलंस? त्यावर ती उठून घरात गेली. तिचं लग्न झालेलं नाही. माझं झालं असतं, मी पाचूबंदरला गेले असते, तर तिच्याजवळ माझं काय उरलं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण हा माझा तर्क. ती कधी बोलली नाही आणि मी तिला निर्दोष ठरवायला वकिली का करू?

शनिवारी दुपारी तो भेटायला तयार झाला. धक्क्यावर एका उलट्या करून ठेवलेल्या होडीच्या सावलीत आम्ही बसलो. मी फारकतीचे कागद नेले होते, लग्नाचा कागदही नेला होता. पहिल्यापासून सांगितलं, जसं सांगायचं ठरवलं होतं तसंच, काही गाळलं नाही. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "फार्मवर नाय लिवलंस, ते खरं?"

"खरं."

"बाबाला नाय सांगितलंस?"

"नाही."

"मला कदी सांगनार होतीस?"

"या आठवड्यात."

त्याला हसू आलं, आणि ते वाईट हसू होतं. मी एवढं सगळं सांगितलं होतं त्यातलं त्यानं काही विचारलंच नाही. तो एकेक ओळ मेसेजमधलीच तपासून घेत होता आणि मी प्रत्येकाला होय म्हणत होते, कारण ते होयच होतं. कागदांवरची साक्षीदाराची सही मी त्याला दाखवली. बघ, हिनंच सही केली होती. त्यानं बघितली. म्हणाला, "तिचं काय घेऊन बसलीस? ती माजी कोन? तू माजी होतीस." मग ग्रीसचा हात विजारीला पुसत उठला. "या रविवारी नावं नको वाचू देत. मी माज्या फादरला सांगतो, तू तुज्या सांग."

भांडण असं झालंच नाही. जरा थांबू, म्हणता म्हणता पावसाळा गेला, नाताळ गेला, आणि ते लग्न झालं नाही. तो वाईट माणूस नव्हता. मी पण नव्हते. त्याच्या जागी मी असते तर मी मेसेज पाठवणारीवर विश्वास ठेवला नसता, पण माझ्यासारख्या बाईवरही ठेवला नसता, हे मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं.

मला सांगायचाय तो तिसरा रविवार. आई म्हणाली, आज नको जाऊया चर्चला. मी म्हटलं, नाही गेलो तर जास्त बोलतील. मिस्सा संपता संपता फादरांनी कागद उघडला आणि दुसऱ्याच दोघांची नावं वाचली. आमची नाहीत. बाकांवर माना वळल्या, कुजबूज झाली. न वाचलेल्या नावांमुळं सगळ्या गावाला जे कळायचं ते कळलं. मी समोर बघत उभी राहिले. ओढणीचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं.

बाहेर मांडवाखाली आतेबहीण आली. मला वाटलं, माफी मागायला आली. मनात म्हटलं, मागू दे, मी काही माफ करणार नाही. तिचे डोळे खरोखर भरलेले होते. तिनं माझा हात धरला, तसाच जसा ती लहानपणापासून धरायची, मनगटाच्या वर. "थांबवलंत तुम्ही?" ती म्हणाली. "मला लोकांबरोबर चर्चमध्ये कळावं हे? एवढी मी परकी झाले का गं, आधी मला सांगितलं पण नाहीस?"

ती नाटक करत नव्हती. ती मनापासून दुखावली होती. आणि मी, जिला त्या क्षणी तिच्या हाताला हिसडा देऊन चालू पडायचं होतं, जिनं चार दिवस मनातल्या मनात तिला काय काय सुनावलं होतं, ती मी काय म्हणाले? छत्तीस वर्षांची सवय होती. तोंडातून निघून गेलं, "चुकलं माझं, सांगायला हवं होतं."

तिनं मान हलवली, मला माफ केल्यासारखी, आणि हात सोडला. तिच्या मेसेजचा राग आता बराच निवला आहे. माझ्या त्या वाक्याचा मात्र अजून येतो.